लाईट असतानाच बॅटरी संपत होती: ऑक्सिजन मशीनवरच्या एका घराचं प्रकरण

मी दापोली तालुक्यात घरगुती वायरिंग, इन्व्हर्टर, पंप अशी कामं करतो. हे प्रकरण २०२४ च्या पावसाळ्यातलं आहे. घरच्यांना विचारूनच लिहितोय, नावं आणि वाडी गाळलीये. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं, लाईटवर चालणारं मशीन) असलेली माणसं आता बऱ्याच गावांत आहेत आणि बहुतेकांच्या घरी मशीन आलं तेव्हा लाईटचा विचार कोणी केलेलाच नसतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पार्श्वभूमी

घर कौलारू, वाडीच्या अगदी टोकाला. डीपी (ट्रान्सफॉर्मर) पाखाडीच्या खाली, तिथून येणारी लाईन शेवटच्या पोलवर संपते ती यांच्या अंगणात. घरात काका आणि काकू दोघंच, काका ७६ चे, कानाने कमी ऐकू येतं. मुलगा आणि सूनबाई पुण्यात. काकूंना फुफ्फुसाचा जुना आजार, सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेलं. मार्चमध्ये डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन सांगितला, मिनिटाला २ लिटर, दिवसाचे निदान १६ तास, आणि रात्र त्यात आलीच पाहिजे. मुलाने मिनिटाला ५ लिटरपर्यंत देणारं मशीन आणलं.

इन्व्हर्टर घरात आधीपासून होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागात कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या, त्यानंतर ज्याला जमलं त्याने इन्व्हर्टर घेतला. यांनी घेतलेल्याला एकच १५० एएचची (अँपियर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी, सध्याची अडीच वर्षं जुनी. दोन पंखे, चार दिवे, टीव्ही एवढ्यासाठी ते पुरेसं होतं. पुढे कोणीतरी फ्रीजही त्याच्यावर टाकला. मशीन आलं तेव्हा हॉलमधल्या रिकाम्या प्लगात लावलं, तो प्लग इन्व्हर्टरचा होता, आणि सगळ्यांना वाटलं की चला, बॅकअपची सोय झाली.

बिलाचा धक्का एप्रिलमध्येच बसला होता. मशीन साधारण ३०० वॅट खातं, १६ तासांचे जवळपास ५ युनिट, महिन्याचे १४५ च्या आसपास. आधी घराचा वापर ९० युनिट होता म्हणजे १०० च्या आतला स्लॅब, तिथे वहन आकार धरून युनिट सहा रुपयांच्या आत पडायचं. आता वरचे सगळे युनिट १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये गेले, तिथे तेव्हा युनिट साडेअकराच्या आसपास, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. साडेसातशेचं बिल सव्वीसशेवर गेलं. काकांनी मला फोन करून विचारलं, "मीटर पळतोय काय रे?" मीटर बरोबर होता. वापर अडीचपट झाला की बिल अडीचपट होत नाही, त्याहून जास्त होतं, हे स्लॅबमुळे.

ती रात्र

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री १:५० ला लाईट गेली आणि २:४० ला इन्व्हर्टर बंद पडला. पन्नास मिनिटं. मशीनला लाईट गेल्यावर ओरडणारा अलार्म असतो, पण त्यातला ९ व्होल्टचा सेल उतरलेला होता त्यामुळे तो वाजलाच नाही. इन्व्हर्टर पॅसेजमध्ये, त्याची पी-पी काकांना ऐकू आली नाही. काकूच घुसमटून जाग्या झाल्या आणि त्यांनी काकांना हलवलं.

घरात ऑक्सिजनचा छोटा बी टाईप सिलिंडर होता. पण व्हॉल्व्ह उघडायची चावी स्वयंपाकघरातल्या फडताळात, आणि ती फडताळात आहे हे फक्त सूनबाईंना माहीत होतं. टॉर्च घेऊन शोधाशोध, शेवटी पुण्याला फोन. सिलिंडर सुरू व्हायला बारा मिनिटं गेली. तेव्हा बोटावरचं ऑक्सिमीटर ८१ टक्के दाखवत होतं, ते हळूहळू ८९ वर आलं. सिलिंडरचा काटा ६० वर होता (पूर्ण भरलेला असला की १५०), म्हणजे सिलिंडरही अर्ध्याहून कमीच भरलेला. लाईट पहाटे साडेपाचला आली. सकाळी सातला मला फोन आला आणि आठला मी तिथे होतो.

काकू पलंगाला टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी, आणि पदराच्या टोकाला ती सिलिंडरची चावी बांधलेली. पुढचे दोन दिवस ती चावी त्यांनी सोडली नाही.

नेमकं बिघडलं काय

पहिला अंदाज सगळ्यांचा एकच, बॅटरी गेली. मुलगा फोनवर म्हणाला, "आजच नवीन टाका, पैशाचं बघू नका." मी दुकानात फोन लावायलाच घेतला होता, पण हिशोब जुळत नव्हता. बॅटरी १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. त्यातलं ८० टक्केच वापरायचं, इन्व्हर्टरमध्ये अजून १५ टक्के जातं, हातात राहतं बाराशे-सव्वाबाराशे. मशीन, पंखा आणि मधूनमधून फ्रीज मिळून साडेचारशे वॅट धरलं तरी अडीच तास निघायला हवेत. बॅटरी जुनी म्हणून दोन धरा. पन्नास मिनिटं फारच कमी. पाण्याची पातळी ठीक, टर्मिनलवर थोडा पांढरा थर, तो पुसला, बाकी काही नाही.

मग काकांना विचारलं, काल संध्याकाळी लाईट गेली होती का? ते म्हणाले, "छे, लाईट होती की. आम्ही बातम्या बघितल्या, मालिका बघितली." टीव्हीसुद्धा इन्व्हर्टरवरच आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी मीटर लावून तिथेच बसलो. साडेसहाला व्होल्टेज २०५. सातला वाडीतले दिवे, पंप, मिक्सर सगळं सुरू झालं आणि १८२. सव्वासातला १७६, आणि इन्व्हर्टरच्या आत टक् असा रिले (लाईन-बॅटरी आपोआप बदलणारा स्विच) पडल्याचा आवाज आला. समोर टीव्ही चालू, मशीन चालू, पंखा चालू, कोणाला काही कळायचं कारणच नाही, पण इन्व्हर्टरने लाईन सोडली होती आणि सगळं घर बॅटरीवर चाललं होतं. दहा मिनिटांनी १८४ झाल्यावर परत टक्, परत लाईनवर. रात्री दहापर्यंत हा खेळ मी मोजला, एकूण पावणेदोन तास बॅटरी वापरली गेली, आणि बाहेर पोलवर लाईट पूर्ण वेळ होती.

कारण इन्व्हर्टरच्या मागे असलेला छोटा स्विच. बहुतेक इन्व्हर्टरला दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये तो साधारण १८० ते २६० व्होल्ट एवढंच लाईन म्हणून स्वीकारतो, त्याखाली गेलं की बॅटरीवर जातो. वाईड मोडमध्ये तो १०० व्होल्टपर्यंत लाईन घेत राहतो. यांचा यूपीएसवर होता, पूर्वी कॉम्प्युटर होता तेव्हापासून. रोज संध्याकाळी बॅटरी अशी चोरून वापरली जायची आणि पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात तेवढे कधी मिळायचेच नाहीत. त्या रात्री दहा ते पावणेदोन जे काय चार्जिंग झालं तेवढंच पोटात होतं.

गिझरचाही हात होता

काकूंच्या अंघोळीला पूर्वी मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता, नारळाची सोडणं आणि पालापाचोळा घालून पेटवायचा. मशीन आल्यावर डॉक्टरांनी धूर पूर्ण बंद सांगितला, शिवाय ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीच्या आसपास आग नकोच. म्हणून मुलाने १५ लिटरचा २ किलोवॅटचा गिझर बसवला. निर्णय बरोबरच, पण काकू अंघोळ करायच्या संध्याकाळी सातला, सांधे मोकळे होतात म्हणून, आणि मी गिझरचा स्विच दाबून बघितला तर घरातलं व्होल्टेज एका झटक्यात १४ ने खाली आलं. टोकाच्या घराला ८-९ अँपियर एकदम ओढले की असंच होणार.

त्यात कमी व्होल्टेजवर गिझर तापतोही हळू. २३० ला २ किलोवॅट असलेली कॉईल १८० ला जेमतेम सव्वा किलोवॅट देते. १५ लिटर पाणी २६ वरून ६० अंशावर न्यायला जवळपास ०.६ युनिट लागतं, ते कधीही लागणारच, त्यात फरक नाही, तेव्हाच्या वरच्या स्लॅबने त्याचे ८ रुपये. पण वेळ वीस मिनिटांऐवजी अर्धा तास, आणि तो अर्धा तास व्होल्टेज खालीच. त्या १५ लिटरात गार पाणी मिसळून तीस लिटर अंघोळीचं पाणी होतं. गॅस गिझरचा विषय मुलाने काढला होता, मी साफ नाही म्हटलं. बंद बाथरूममध्ये त्याच्या कार्बन मोनॉक्साईडने धडधाकट माणसं गेलीत, इथे तर फुफ्फुसाचा पेशंट.

कुठले पर्याय तोलले

रविवारी मुलगा आला आणि आम्ही तिघं ओटीवर बसलो, काकू आत पलंगावरून ऐकत होत्या.

मुलाचा पहिला पर्याय होता दोघांना पुण्याला न्यायचं. काकूंनी आतून सांगितलं, "मला माझ्या दाराशी राहू दे." तो विषय त्यानंतर कोणी काढला नाही, मीही काढायला नको होता आणि काढलाही नाही.

दुसरा सोलर. "छतावर सोलर टाकला की लाईट गेली तरी काय फरक पडतो?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. पीएम सूर्यघर योजनेत मिळतो तो सोलर बहुतेक ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेला असतो, २ किलोवॅटला ६० हजार सबसिडी, ३ किलोवॅटला ७८ हजार. पण लाईन गेली की ऑनग्रिड सोलरही बंद होतो, भर दुपारी ऊन असलं तरी. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट लागू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. बॅटरीवाला हायब्रिड घेता येतो, पण कोकणात लाईट जाते जून ते सप्टेंबर आणि ऊन नसतं तेही जून ते सप्टेंबर. तेव्हा सोलर बिलासाठी उत्तम, बॅकअपसाठी त्याच्यावर बसून राहू नका असं सांगितलं.

तिसरा पेट्रोल जनरेटर. दोन-अडीच केव्हीएचा चांगला जनरेटर ५० हजारांच्या घरात. कमी लोडवरही तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल पितोच, म्हणजे युनिट फारच महाग पडतं. पैसा हा भाग सोडा, ७६ वर्षांचा माणूस रात्री पावसात दोरी ओढून तो चालू करणार कसा? आणि पाऊस आहे म्हणून पडवीत घेतला तर धूर सरळ काकूंच्या खोलीत.

चौथा, आहे त्या बॅटरीला अजून एक जोडायची. हा मुलाला सगळ्यात पटलेला, कारण स्वस्त. पण दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीमागे एक) जोडायच्या तर २४ व्होल्टचा इन्व्हर्टर लागतो, जुना १२ चा चालत नाही, आणि तशा जोडणीत जुनी आणि नवी एकत्र घातली की जुनी आधी उतरते आणि नवीलाही ओढून नेते. वर्षाभरात दोन्ही भंगारात.

लिथियम बॅटरीचाही विचार केला. लवकर चार्ज होते, अर्धवट चार्जवर राहिली तरी तिचं नुकसान होत नाही, आणि या घराला नेमकं तेच हवं होतं. पण पावसाळा डोक्यावर, तालुक्यात ती दुरुस्त करणारं कोणी नव्हतं, बिघडली तर पुणे-मुंबई. मी लेड-ॲसिडवर थांबलो.

काय केलं

सगळ्यात आधी फुकटची कामं, त्याच दिवशी. फ्रीज आणि टीव्ही इन्व्हर्टरवरून काढले. मशीनच्या अलार्मचा सेल बदलला. अंघोळ दुपारी चारला घ्यायचं काकूंनी कबूल केलं, तेव्हा व्होल्टेज २१५ असतं. सिलिंडरची चावी रेग्युलेटरलाच सुतळीने बांधली.

मग वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला अर्ज, संध्याकाळच्या व्होल्टेजचे चार दिवसांचे आकडे वेळेसकट लिहून आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. नुसतं "व्होल्टेज कमी आहे" म्हणण्यापेक्षा आकडे दिल्याने फरक पडला असं मला वाटतं. नऊ दिवसांनी लाईनमन आले, पोलवर बघितलं तर वाडीतले बहुतेक पंप आणि हे घर एकाच फेजवर होतं. त्यांनी घर दुसऱ्या फेजवर घेतलं आणि सर्व्हिस वायरचा काळा पडलेला न्यूट्रलचा जोड नव्याने केला. संध्याकाळचं व्होल्टेज १७६ वरून १९५ वर आलं. हे काम त्यांनीच करायचं असतं, खाजगी माणसाने पोलवर चढायचं नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

नवीन २४ व्होल्टचा साईन वेव्ह (लाईनसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर आणला. स्क्वेअर वेव्हवर कॉन्सन्ट्रेटरचा कॉम्प्रेसर घुमतो आणि तापतो, त्यामुळे तिथे काटकसर नाही. दोन नव्या १५० एएच टॉल ट्युब्युलर बॅटऱ्या. इन्व्हर्टरच्या आधी, लाईनच्या बाजूला स्टॅबिलायझर, म्हणजे इन्व्हर्टरला नेहमी २२० च्या आसपासच दिसतं आणि यूपीएस मोड तसाच ठेवता येतो. वाईड मोडवर नुसतं टाकलं असतं तर बॅटरी वाचली असती पण मशीनला १७० व्होल्ट गेले असते. काकूंच्या खोलीची लाईन वेगळी काढली, तिच्यावर फक्त मशीन, २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आणि एक ९ वॅटचा दिवा. अर्थिंगचा खड्डा नवीन, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), आणि बाहेरच्या भिंतीवर चेंजओव्हर स्विच.

तो चेंजओव्हर शेजाऱ्यांच्या जनरेटरसाठी. दोन घरं सोडून एका बागायतदार भाऊंकडे जनरेटर आहे, त्यांनी "कधीही हाक मारा" म्हटलं. पण जनरेटरची वायर सरळ घरातल्या प्लगात खुपसायची पद्धत आमच्याकडे आहे, ती जीवघेणी आहे. मेन बंद करायला विसरलं तर करंट उलटा लाईनवर जातो आणि पोलवरचा माणूस मरतो. चेंजओव्हरने एका वेळी एकच बाजू जोडली जाते.

खर्च असा: इन्व्हर्टर ११,५००, बॅटऱ्या जुनीचे ४,००० वजा जाता २६,४००, स्टॅबिलायझर ४,८००, वायरिंग-अर्थिंग-स्विचगियर माझ्या मजुरीसकट ८,७००, आणि दुसऱ्या बी टाईप सिलिंडरचं डिपॉझिट ६,०००. एकूण ५७,४००.

काम झाल्यावर मी मेन पाडला आणि घड्याळ लावून बसलो. मशीनसकट लोड ३३२ वॅट. ६ तास ४० मिनिटं चाललं. कागदावर सव्वासात तास येत होते. माझ्या मते सबंध कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही चाचणीच, कारण काकांना आता "इन्व्हर्टर आहे" असं न सांगता "साडेसहा तास आहेत" असं सांगता आलं.

पुढे काय झालं

खरी परीक्षा जुलैच्या शेवटी. रात्री साडेनऊला आंब्याची फांदी लाईनवर पडली, लाईट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेचारला आली, १९ तास. बॅटरी पहाटे चारपर्यंत पुरली. मग काकांनी उठून सिलिंडर लावला, यावेळी दोन मिनिटांत. नऊला भाऊंचा जनरेटर अंगणाच्या कडेला, घरापासून लांब उभा केला, त्यावर चार तास मशीनही चाललं आणि बॅटऱ्याही थोड्या भरल्या. काकूंचा ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला नाही.

बिलाचं उत्तर डिसेंबरमध्ये निघालं, मागच्या पडवीच्या स्लॅबवर चार पॅनल, २ किलोवॅट ऑनग्रिड. उन्हाच्या दिवसांत रोजचे ८ युनिट मिळतात, मशीनचे पाच त्यातून सुटतात.

वेगळं काय करता आलं असतं

मार्चमध्ये मशीन आलं तेव्हाच कोणीतरी मेन पाडून बघायला हवं होतं. मशीन विकणाऱ्याने फक्त प्लग चालतो का ते बघितलं. त्या महिन्यात मी त्याच वाडीत दुसरीकडे कामाला होतो, काकूंना भेटूनही आलो, मशीन बघितलं, आणि ते कशावर लावलंय हे विचारलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

लिथियमबद्दल मी आज वेगळा विचार करीन. ऑगस्टमध्ये दिवसातून चार-पाच वेळा लाईट जायची आणि बॅटऱ्या दिवसेंदिवस अर्धवट राहायच्या, लेड-ॲसिडचं आयुष्य त्यानेच कमी होतं.

आणि त्या १९ तासांच्या रात्रीचा क्रम आम्ही चुकीचा ठरवला होता. आधी बॅटरी, मग सिलिंडर, कारण सिलिंडर म्हणजे शेवटचा आधार असं डोक्यात बसलेलं. त्यामुळे बदलाबदली आली पहाटे चारला, म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्यात गाढ झोपेत. भरलेल्या बी टाईपमध्ये १५०० लिटर असतात, २ लिटरने साडेबारा तास. रात्री साडेनऊला फांदी पडली, एवढ्यात लाईट येत नाही हे दिसतच होतं, तेव्हाच काका जागे असताना भरलेला सिलिंडर लावला असता तर सकाळपर्यंत कोणाला उठायलाच लागलं नसतं, आणि उजाडल्यावर बॅटरी पूर्ण भरलेली हातात. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले चालेल, फक्त काटा १५० वर आहे ना हे झोपण्याआधी बघा.

आता तसंच चालतं. भिंतीवर काकांनी मोठ्या अक्षरात लिहून लावलंय: झोपायच्या आधी गेली तर सिलिंडर, दिवसा गेली तर बॅटरी. दर महिन्याच्या एक तारखेला ते एक तास मेन पाडून ठेवतात आणि बॅटरीचं व्होल्टेज वहीत लिहितात. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मी जाऊन पुन्हा पूर्ण चाचणी घेतली, ६ तास १० मिनिटं भरली.